साक्षीनंतरची गोळी

४ फेब्रु. २००३, मंगळवार. दौंड

...त्या सोमवारी नळाला सहाला पाणी आलं. दोन हंडे भरले, अंगण झाडलं, बंब पेटवला, चहा ठेवला. यांच्या कपाशेजारी रोज बशीत एक पांढरी गोळी असायची, उदासीच्या आजारावरची. त्या दिवशी बशी ठेवली नाही. आदल्या दिवशी रविवारच्या उपासनेत यांनी आमच्या ख्रिस्ती देवळात उभं राहून साक्ष दिली होती, प्रभूने मला बरं केलं. अशी साक्ष दिल्यावर गोळी घेणं म्हणजे भर मंडळीत प्रभूला खोटं पाडणं. पाळकसाहेब तसं म्हणाले, मलाही पटलं. गोळ्यांचं पाकीट मी बंबात टाकलं.

तेविसाव्या दिवशी हे फिरून येतो म्हणून भीमेच्या पुलाकडे गेले. जीव दिला. सहा वर्षं झाली.

आज हे आठवलं कारण टपाली अभ्यासक्रमाचा पाचवा धडा आला. ख्रिस्ती दृष्टीतून मानसशास्त्राची तोंडओळख. मी सातवी शिकलेली, बाकी मिळेल ते वाचत आले. धड्यात लिहिलंय, मेंदू हाही शरीराचाच भाग, तोही आजारी पडतो. पाय मोडलेल्याला आपण अविश्वासू म्हणत नाही. चारदा वाचलं. सहा वर्षं हे वाक्य कुठल्या टपालात अडकून पडलं होतं?

९ फेब्रु., रवि.

मार्था आली होती शिरूरहून. माझी धाकटी बहीण. तिची एस्तेर कारेगावला कारखान्यात पॅकिंगला आहे. मध्यंतरी अंथरुणातून उठेना, जेवेना. आठ महिने यांच्यासारख्याच गोळ्या. आता हसते, कामावर जाते.

“अक्का, तेवीस तारखेला साक्ष हाय तिची. साडी पण घेतली.”

“आन् गोळ्या?”

“आता कशाला? बरी झाली म्हणून तर साक्ष.”

“गोळ्यांनीच बरी झाली असली तर?”

“धडे वाचून लई शहाणी झालीस. दाजींच्या वेळी कुठं होते तुझे धडे?”

चहा न घेता गेली. खोटं काय बोलली?

१३ फेब्रु., गुरु.

प्रश्न चौथा. उदासीचा आजार व विश्वासाची उणीव यांतील फरक उदाहरणासह लिहा.

‘एक गृहस्थ’ असं म्हणून यांचंच लिहिलं. दीड पान. ‘साक्षीनंतर गोळ्या बंद झाल्या’ असं लिहिलं. कोणी केल्या ते...

पाकिटावर तिकीट लावून टाकलं पेटीत.

२० फेब्रु., गुरु.

उत्तरं तपासून आली. चौथ्याला दहापैकी आठ. तांबड्या शाईत सरांचा शेरा, “उदाहरण छान. गृहस्थांच्या पत्नीची भूमिका स्पष्ट नाही.”

छान म्हणे.

भूमिका अशी होती, सर. गोळी बंद केल्याच्या चौथ्या दिवशी यांनी विचारलं, “एखादी राहिलीय का गं?” मी भाकरी थापत होते. मान वर न करता म्हटलं, “विश्वास धरा. साक्ष दिलीत ना?” पुन्हा त्यांनी विचारलं नाही. शेवटपर्यंत नाही.

मंडळीत आजवर हेच बोलतात की यांचा विश्वास कमी पडला. मातीच्या दिवशी पाळकसाहेबही तेच बोलले. मी खाली मान घालून ऐकलं. सोयीचंच होतं. त्यात बायको सुटते.

२४ फेब्रु., सोम. शिरूर

मार्था कालपासून माझ्याशी बोलत नाही. एस्तेरच्या गोळ्या कपाटात आणि कपाटाची किल्ली अजून मार्थाच्या कमरेला.

शनिवारी दुपारच्या एसटीने आले. मार्था दारातच म्हणाली, “भाषण करायला आली असशील तर बस उभीच हाय स्टँडवर.” म्हटलं, “जेवायला आलेय.” एस्तेर मागच्या दारी केस वाळवत होती. गुरुवारपासून गोळी नाही, झोप नाही. पण थट्टा सुटली नव्हती. “मावशी, साक्ष दिली की आई खूश, गोळी मिळाली की मी खूश. प्रभू कशानं खूश व्हतो, तेवढं तुझ्या पुस्तकात बघून सांग की.”

ती हसली. मला हसता आलं नाही. पुस्तकात नाही ते.

जेवताना मार्थाकडे किल्ली मागितली. “उद्या साक्ष होऊ दे. मग विषयच न्हाई.” मग यांचं सगळं सांगायचं म्हणून तोंड उघडलं. ती म्हणाली, “वाढू का आणखी?” मी भात घेतला आणि गप्प बसले. सहा वर्षांत अंगवळणी पडलंय.

दुसऱ्या दिवशी देवळात इथल्या पाळकांनी विचारलं, साक्षीला कोण? एस्तेर कोऱ्या साडीत पदर सावरत उठत होती. तिच्या आधी मी उभी राहिले आणि बंबात टाकलेल्या पाकिटापासून सांगायला सुरुवात केली.