गोड बोलण्याचा मोसम

४ फेब्रुवारी, रविवार

जिंकलो! दोन-शून्य! समोरची ती नऊ नंबरवाली तर रडकुंडीला आली. मी फार काही केलं नाही. पहिल्या मिनिटापासून तिच्या पाठीला चिकटले आणि अखंड बोलत राहिले. "डाव्या पायाला सुट्टी दिलीयस का गं आज?" "मागून कोच हाका मारतायत बघ तुला." वेडीने एकदा खरंच वळून बघितलं! चेंडू माझा.

टीममध्ये मला उगाच भोंगा म्हणत नाहीत.

धाकटी मागे गोलात. काखेत हात घालून उभी! म्हणायला आमची गोलकीपर, पण ग्लोव्हज अजून नवेकोरे. पुढे मी असल्यावर हिला काम काय? येताना म्हटलं, "पुढच्या वेळी खुर्ची टाकून देऊ का तुला?" नुसती हसली. ती बोलत नाहीच फारशी. आमच्या घरातलं बोलणं सगळं माझ्याच वाट्याला आलंय.

६ फेब्रुवारी

सर्वोत्तम युवा खेळाडूचं बक्षीस कसं ठरतं ते कोचबाईंनी आज नीट सांगितलं. सामना संपला की समोरच्या टीमची कॅप्टन आमच्यातल्या एका मुलीचं नाव चिठ्ठीवर लिहून पंचांकडे देते. मुलगी एकवीसच्या आतली हवी. मोसम संपला की चिठ्ठ्या मोजायच्या.

म्हणजे मत देणार कोण? जिचं डोकं मी दीड तास उठवलंय ती! बोंबला!

एप्रिलमध्ये मला एकवीस पूर्ण होतात. या वर्षी नाही तर कधीच नाही. आणि मला ते हवंय. सगळ्यांसमोर "मला काय त्याचं" म्हणते, पण इथे कशाला खोटं लिहू? हवंय म्हणजे हवंयच.

७ फेब्रुवारी

भांडी पुसता पुसता धाकटी म्हणाली, "ताई, कॅप्टन लोकांना गोड बोलणाऱ्या मुली आवडतात म्हणे. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलतेस ना, तसं मैदानावर बोलून बघ."

चक्क दोन वाक्यं! आणि शहाणपणाची! चपलांच्या दुकानात माझी जीभ काय चालते ते मालकांना विचारा. माणूस अंगठा शिवायला येतो आणि बुटांचा जोड घेऊन जातो.

ठरलं. पुढच्या सामन्यापासून साखर.

११ फेब्रुवारी, रविवार

अरे देवा, किती कठीण आहे हे! "या ना ताई, सावकाश." "लागलं नाही ना?" "काय सुंदर पास दिलात हो!" समोरची आधी दचकली. मग संशयाने बघायला लागली. मग सरळ माझ्या बाजूने निघून गेली!

एक नवीनच गोष्ट कळली. टोमणे मारता मारता मला समोरचीचा अंदाज येतो — चिडली की ती कुठे वळणार ते कळतं. गोड बोलताना काही म्हणजे काही कळत नाही. नुसता खांब होतो माझा.

बरेच चेंडू गोलावर गेले. धाकटीने सगळे अडवले. एक तर आडवी झेप घेऊन! बरी आहे की ही! कसेबसे एक-शून्यने जिंकलो.

कोचबाई : "घसा बसलाय का तुझा?"

१२ फेब्रुवारी

आई म्हणाली, "आज सकाळपासून तोंडाचा पट्टा किती चालू आहे गं!" काय करू, कालचं साठलेलं बाहेर पडतंय.

१८ फेब्रुवारी, रविवार

बरोबरी. सगळा वेळ खेळ आमच्याच गोलासमोर. धाकटी चिखलाने माखली होती आणि चक्क ओरडत होती. "डावीकडे! मागे सरक! झोपलीस का?" — मला! भोंग्याला!

सामना संपल्यावर मी समोरच्या कॅप्टनला पाण्याची बाटली नेऊन दिली. तिने चिठ्ठी लिहिली ती हाताआड धरून. खडूस!

कोचबाई खवळल्या. "तू डिफेंडर आहेस की हॉटेलच्या दारात उभी केलेली बाई?"

त्यांना काय सांगू? थोडेच दिवस राहिलेत. तोवर कळ सोसायची.

२० फेब्रुवारी

धाकटी जेवताना आपणहून बोलली. रविवारच्या तिसऱ्या झेपेबद्दल, हातवारे करून. बाबा घास हातात धरून बघत राहिले.

३ मार्च, रविवार

शेवटचा सामना. समोरची कॅप्टन दातांची डॉक्टर. आम्ही एका गोलने पुढे, आणि शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी! मारायला डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. माझ्या जिभेवर शब्द तयार होते — "घाबरू नका हं, अजिबात दुखणार नाही!" जन्मात सुचला नव्हता असा टोमणा! आणि मी काय म्हटलं? "शुभेच्छा."

गिळला. अजून पोटात दुखतंय.

धाकटीने पेनल्टी अडवली. सगळ्या तिच्या अंगावर पडल्या, मी सर्वांत वर.

१६ मार्च, शनिवार

बक्षीस धाकटीला.

नाव पुकारलं तेव्हा मी अर्धी उठलेच होते खुर्चीवरून! मग तशीच पूर्ण उठून टाळ्या वाजवल्या. हात लाल होईपर्यंत. आनंद झाला. खोटं नाही. पण रडूही आलं, तेही खोटं नाही.

नंतर डॉक्टरीणबाई भेटल्या. म्हटलं आता कसली भीती, आणि तो पेनल्टीचा टोमणा ऐकवला. बाई हसून हसून भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, "अगं, हे तेव्हाच का नाही म्हणालीस? आम्ही सगळ्या जिने हैराण केलं तिचंच नाव लिहितो. फेब्रुवारीपर्यंत तूच पुढे होतीस. मग तुला काय झालं कोण जाणे, या ताई, बसा ताई! आम्ही खुशाल गोलापर्यंत पोचायला लागलो, आणि तिथे ही कार्टी उभी!"

मग मी त्या साखरेमागचं चिठ्ठ्यांचं गणित सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण गोड बोलल्यावर मतं मिळतात असं तुला सांगितलं कोणी?"

१७ मार्च

धाकटी खिडकीत बसून चषक पुसत होती. माझ्या टॉवेलने! विचारलं, "कॅप्टन लोकांना गोड मुली आवडतात, हे तुला कोण म्हणालं होतं गं?"

"कोणीच नाही," ती म्हणाली. मान वर न करता. "पण तू एकही चेंडू माझ्यापर्यंत येऊच देत नव्हतीस, ताई. गोलात उभं राहून नुसती थंडी वाजायची मला."