फेर्मीनकाकांच्या परसातला गुलमोहर

तीर्थरूप फेर्मीनकाकांस,

रामोनितेला आशीर्वाद द्या. न्यूयॉर्कच्या थंडीने धरलेला गुडघा आता कसा आहे? काकूंचं गोड बंद आहे ना? (त्या चोरून खातात हे मी कळवलं असं म्हणू नका.) इकडे सगळे धड आहेत, फक्त आमच्या ह्यांची कंबर सोडून. त्याचीच हकीकत लिहायला बसले आहे.

परसातला गुलमोहर तोडायचा हुकूम तुम्ही फोनवर दिलात. चक्रीवादळात अर्धा मोडल्यापासून त्याने फूल धरलं नव्हतं. शिवाय तो मादागास्करहून आलेला उपरा, त्याच्या जागी आपल्या बेटाचं मागाचं झाड लावा, असं तुमचं म्हणणं. (काकू, कॉफीसुद्धा बाहेरूनच आलेली आहे, पण ती काका सोडत नाहीत.) आमच्या एवारिस्तोंना तर झाड तोडण्याचा उत्साह दांडगा. रविवारी प्रार्थना आटोपून, तुरीच्या दाण्यांचा भात पोटभर खाऊन, करवत घेऊन ते वर चढले.

चढले ते चढलेच. करवतीचा आवाज नाही, माणसाचा आवाज नाही. मी खालून ओरडले, "अहो, झोपलात की काय?" वरून अगदी देवळात बोलावं तसं उत्तर आलं, "रामोना, वर ये." शेजारच्या कासिल्दाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "जाऊ नकोस गं, नवऱ्याला ऊन लागलंय!" म्हटल्यावर मला जावंच लागलं. माझा देह तुम्हाला ठाऊक आहे. कशी चढले ते झाडाला आणि मला ठाऊक.

काका, घराआड दरीकडे वाकलेली एकच फांदी जिवंत होती, आणि ती नखशिखांत पेटली होती. पान म्हणून नव्हतं, नुसता लाल रंग. मधमाश्यांच्या आवाजाने खोड थरथरत होतं. त्यापलीकडे आख्खी दरी. नदीकाठी आणखी गुलमोहर, चर्चपाशी मागाची बशीएवढाली गुलाबी फुलं, कड्यावर रानचाफा पांढराशुभ्र, आणि कुठलं फूल आपलं नि कुठलं परकं हे वरून काही केल्या ओळखू येईना. इथे जन्म गेला माझा, पण हे मी बघितलंच नव्हतं. एवारिस्तो म्हणाले, "वादळात आपलं छप्पर गेलं तेव्हा वाटलं होतं, आता इथे काही उगवायचं नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या वर्षांत मी हा माणूस रडताना पाहिला नव्हता. आम्ही लग्नातल्यासारखे हात धरून बसलो.

मग लक्षात आलं की उतरता येत नाही.

कासिल्दाबाईंनी गाव गोळा केला. केळीवाले डॉन प्राशेदेस शिडी घेऊन ट्रकसकट आले. पण शिडी लावून वर आले ते तेही तिथेच बसले! शेवटी कासिल्दाबाई, "मेल्यांनो, तिथे बसलाय तरी काय!" म्हणत चढल्या आणि गप्प झाल्या. (गावात अजून कुणाचा विश्वास बसत नाही.) ऊन कलल्यावर एकेक करून शिडीने उतरलो, त्यात ह्यांची कंबर धरली.

झाड तोडलेलं नाही. आमच्याच्याने होणार नाही. तुम्ही रागवाल, रागवा.

तुमची,
रामोनिता

ता. क. मागाचं रोप कुंपणाशी लावलं आहे. दोघं एकमेकांना सांभाळून घेतील.

ता. क. दुसरा. डॉन प्राशेदेस फुलांकडे बघतच ट्रक मागे घेत होते. तुमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत आता नाही. बांधायची घाई करू नका, आधी जूनमध्ये काकूंना घेऊन या. चुलीपाशी उभं राहिलं की सबंध फांदी दिसते.