चोरांचा दुभाषी

अण्णा, या बुधवारी तो बँडवाल्या चोरांचा सिनेमा मी पुन्हा पाहिला. इतकी वर्षं मी तो टाळत आले होते. इथल्या टीव्हीवर जुने इंग्लिश विनोदी सिनेमे अधूनमधून लागतात, खाली डच अक्षरं पळत असतात, आणि त्यातला एखादा चोरांचा निघाला की मी उठून स्वयंपाकघरात जाते. या वेळी उठता आलं नाही, कारण सिनेमा आमच्याच घरात, मुद्दाम तुमच्या जावयांसाठी लावला होता.

तुमचा आणि त्यांचा सहवास फार थोडा. लग्नानंतर वर्षभरात आम्ही हॉलंडला आलो, आइंडहोव्हनजवळच्या बेस्ट नावाच्या गावात राहिलो आणि इथेच म्हातारे झालो. ते इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवून. गेल्या ऑक्टोबरात त्यांना मेंदूचा झटका आला. उजवा हात हळूहळू परत येतो आहे. भाषेचं तसं नाही. ज्या इंग्रजीत आणि डचमध्ये त्यांनी सगळी नोकरी केली, त्या दोन्ही पुसल्या गेल्या. मराठी राहिली, तीही समजण्यापुरती. बोलणं ‘हो’, ‘नको’ आणि ‘हे’ एवढ्यावर आलं. बोलायला शिकवणारी एक तरुण डच बाई आठवड्यातून दोनदा घरी येते. ती मला म्हणाली, ‘शब्दांची घाई करू नका. आधी आवाज निघू दे. त्यांना हसू कशाने यायचं?’ मी विचार केला आणि म्हटलं, जुन्या इंग्लिश सिनेमातल्या चोरांनी. ‘मग ते दाखवा,’ ती म्हणाली, जणू औषधच लिहून देत होती. ऑक्टोबरपासून ते एकदाही हसले नव्हते, अण्णा. मी मोजून-मापून बोलणारी बाई आहे, पण घरातला तो एक आवाज बंद झाल्यावर मला रात्रंदिवस कुणीतरी परीक्षेला बसवल्यासारखं वाटत होतं.

बुधवारी इथल्या शाळा दुपारी सुटतात, म्हणून नात आमच्याकडे असते. अकरा वर्षांची आहे. मराठी कळतं, बोलते डच, आणि मी डोळे वटारले की मराठी. टीव्हीवरच्या चित्रांतून सिनेमा तिने निवडला. खांद्यावर टुबा नावाचं भलंमोठं पितळी वाद्य घेतलेला एक लांबोडक्या चेहऱ्याचा म्हातारा त्यावर होता. मी ओळखला. ‘दुसरा बघ,’ म्हणाले. ‘का? हा आजोबांसारखा दिसतो,’ असं म्हणून तिने लावलासुद्धा.

इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगायला लागले. नीट, वाक्य न वाक्य. तो म्हणतो की दागिने वाद्यात लपवावेत. ती म्हणते की बँड आज मिरवणुकीला जाणार आहे. ते पडद्याकडे बघत होते, माझ्याकडे बघत होते, चेहऱ्यावर काही नाही. नात गालिच्यावर पालथी पडून बिस्किट खात होती. ती म्हणाली, ‘आजी, तू ना वर्गात शिकवतेस तसं सांगतेयस. झोप येते.’

‘तू सांग मग.’

‘मला मराठी येत नाही ना!’

मग मिरवणूक आली. तुम्हाला आठवत असेल. चार चोरांनी हवेलीतले दागिने चोरून गावच्या बँडच्या सगळ्यांत मोठ्या वाद्यात लपवलेले असतात. घ्यायला परत येतात तर बँड निघालेला. दागिन्यांपासून लांब राहायचं नाही म्हणून चौघे बँडचे कोट चढवतात आणि रांगेत घुसतात. एकालाही वाजवता येत नाही. सगळ्यांत म्हाताऱ्याच्या खांद्यावर ते धूड, आणि शेजारून चालणारा पोलीस त्याला विचारतो, एवढं मोठं वाद्य आणि आवाज कसा नाही? म्हातारा तोंड न उचलता काहीतरी पुटपुटतो.

‘सुतक आहे, साहेब,’ मी म्हणाले.

विचार करून म्हणाले नाही. तोंडून गेलं. ते वाक्य माझं नव्हतंच, तुमचं होतं. शेजारून घरघर ऐकू आली. मला वाटलं चहा घशात अडकला, म्हणून मी पाणी आणायला उठले. नात ओरडली, ‘आजी, आजोबा हसतायत!’ ते हसत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांतून पाणी, आणि आवाज असा, की शेजारच्या डच बाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

नात तोवर पडद्याजवळ गेली होती. सिनेमा मागे नेऊन तिने खालची अक्षरं बोटाने वाचली. ‘इथे राउ लिहिलंय. कोणी मेलं की काळे कपडे घालतात, ते. सुतक म्हणजे तेच ना?’

‘तेच.’

‘मग बरोबर सांगितलंस की.’

‘मी नाही,’ मी म्हणाले. ‘माझ्या वडिलांनी सांगितलंय.’

तेव्हापासून तुम्हाला लिहायचं डोक्यात आहे.

तुम्ही सेशन्स कोर्टात दुभाषी होता. साक्षीदार मराठीत बोलायचा आणि तुम्ही न्यायाधीशांना इंग्रजीत सांगायचा. तुमचा नियम मला लहानपणापासून पाठ होता: पदरचं घालायचं नाही, समोरच्याचं गाळायचं नाही, आणि तो ‘मी’ म्हणाला तर आपणही ‘मी’च म्हणायचं. त्यामुळे तुम्ही दिवसभर गंभीर चेहऱ्याने, इस्त्रीच्या काळ्या कोटात, ‘मी भिंतीवरून उडी मारली’, ‘मी कुलूप तोडलं’ असं सांगत उभे असायचा. संध्याकाळी आई चहाचा कप ठेवताना विचारायची, ‘आज किती चोऱ्या केल्यात?’ तुम्ही बूट काढत म्हणायचा, ‘दोन. आणि एक नाकबूल.’ याच्यावर तुम्ही दोघं हसायचा. मला तेव्हा तो पोरकटपणा वाटे.

महिन्यातल्या एका शनिवारी फिल्म सोसायटीचा खेळ असे, आमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये. बाकीच्या महिन्यांत तुम्ही जात नव्हता. सोसायटीच्या पत्रकावर इंग्लिश चोरांचा सिनेमा दिसला की मात्र आईला घेऊन जायचा. आईला इंग्रजीचा गंध नव्हता. तुम्ही तिच्या डाव्या बाजूला बसायचा आणि हलक्या आवाजात सगळा सिनेमा तिला मराठीत सांगायचा. इथेही चोराच्या तोंडचं ‘मी’च. आईने त्या नटांना आपली नावं ठेवली होती. तेच सहा-सात चेहरे फिरून फिरून यायचे, आज चोर तर पुढच्या खेपेला पोलीस, नाहीतर पाद्री. एकाच्या दातांत फट होती, तो ‘फटवाले’. एक ढेरपोट्या, भुवया उडवणारा, तो ‘आपले मुकादम’. आणि हा लांबोडका म्हातारा तिला सासऱ्यांसारखा वाटे, म्हणून तो ‘मामंजी’. मामंजी पडद्यावर तिजोरी फोडायला लागले की ती नकळत पदर सावरून बसायची.

घरी आल्यावर तुम्ही बोलत राहायचा. ‘बघ, यांच्यातला एकही स्वतः हसत नाही. तिजोरीखाली बोट सापडलं तरी चेहरा असा, की बँकेचे मॅनेजरच. कोर्टात माझ्यासमोर येतात तेही असेच. आपण मूर्खपणा केला असं एकालाही वाटत नाही.’ एकदा तुम्ही म्हणालात, ‘हे चोर पकडले जातात ते पोलिसांच्या हुशारीने नाही. पळता पळता एखाद्या म्हातारीला दार उघडून द्यायला थांबतात, म्हणून. सभ्यपणा नडतो त्यांना.’ मी त्या वेळी इंग्रजीची विद्यार्थिनी होते आणि विनोदावरचे जाडजूड निबंध वाचत होते. तुमचं हे वाक्य मी एका निबंधात माझं म्हणून घातलं. सरांनी शेजारी बरोबरची खूण केली. तुम्हाला हे सांगितलं नव्हतं.

तो सिनेमा लागला तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुढच्या रांगेत आमचे इंग्रजीचे सर बसले होते, तेच सोसायटीचे सेक्रेटरी. माझ्या मागे वर्गातल्या तिघी. तुमचा हलका आवाज त्या दिवशी मला फार मोठा वाटत होता. ‘अगो, मामंजींना टुबा उचलायला लावला,’ तुम्ही म्हणालात आणि मागे त्या तिघी खुसखुसल्या. मी खुर्चीत अंग चोरून बसले. मग तो पोलीस, तो प्रश्न, ते पुटपुटणं, आणि तुम्ही क्षणाचाही वेळ न घेता, ‘सुतक आहे, साहेब.’ आई खदाखदा हसली. तिच्याखेरीज हॉलमध्ये कुणीच हसलं नाही. सरांनी मान वळवून मागे पाहिलं.

मी मोठ्याने म्हणाले, ‘अण्णा, असं काही म्हणत नाहीये तो. मनचं घालू नका.’

तुम्ही माझ्याकडे वळलात. रागावला नव्हतात. साक्षीदाराचं बोलणं नीट ऐकू आलं नाही की त्याला विचाराल तसं विचारलंत, ‘नाही म्हणाला?’

‘नाही.’

आईचं हसू तिथेच थांबलं. उरलेला सिनेमा तुम्ही सांगितला नाहीत. ती पडद्याकडे बघत बसली, मुकी चित्रं बघतात तशी. घरी जाताना वाटेत तिने मला विचारलं, ‘मग काय गं म्हणाला होता तो?’ मी म्हणाले, ‘ते मराठीत नाही सांगता येणार.’ ती ‘बरं’ म्हणाली.

पुढच्या खेळाला तुम्ही गेला नाहीत. आईने एकदा मला म्हटलं, ‘तू चल ना, तू सांग मला.’ मी गेले. व्याकरणशुद्ध सांगितलं. मध्यंतरात ती म्हणाली, ‘राहू दे हो, तुला त्रास. गॅसवर डाळ ठेवून आलेय.’ डाळ ठेवून आलेली नव्हती. ती कधीच गॅस चालू ठेवून बाहेर पडली नाही. त्यानंतर तिने फटवाले, मुकादम आणि मामंजी यांचं नाव काढलं नाही.

आणि तुम्ही. तुम्ही कानाच्या डॉक्टरकडे गेलात, हे मला आईकडून कळलं. ‘कान उत्तम आहे म्हणतो,’ तुम्ही जेवताना म्हणालात. ‘मग डोकंच. ऐकलेलं नसतं ते ऐकू येतंय.’ आई म्हणाली, ‘एका सिनेमावरून काय!’ तुम्ही म्हणालात, ‘सिनेमात झालं म्हणून कळलं. कोर्टात होत असेल तर कोण सांगणार? तिथे माणूस आत जातो.’ दोन महिन्यांत तुम्ही अर्ज करून कोर्टातलं तोंडी काम सोडलंत आणि कागदांच्या भाषांतराकडे गेलात. खरेदीखतं, मृत्युपत्रं, नोटिसा. ‘कागद बरा,’ तुम्ही म्हणायचा. ‘शंका आली तर पुन्हा वाचता येतो.’ मग संध्याकाळी चोऱ्या किती, हे विचारायचं कारण उरलं नाही. मी त्याच टेबलाशी बसून हे सगळं ऐकत होते. माझी परीक्षा जवळ आली होती. मला पहिला वर्ग मिळाला.

पुढची तीस वर्षं मी शिकवलं. कडक होते. आजही बाजारात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ मला बघून सायकलवरून उतरतो. पण वर्गात ‘मला माहीत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला मी कधी रागावले नाही, उलट शाबासकी दिली. सहशिक्षकांना त्याचं कौतुक वाटायचं. ते कुठून आलं, हे कुणी विचारलं नाही.

आज शनिवार. तुमचे जावई शेजारच्या खोलीत तो सिनेमा तिसऱ्यांदा बघताहेत. मी सांगायला जवळ बसले नाही तर रिमोट आपटतात. काल त्यांनी पहिल्यांदा दोन शब्द जोडले, ‘पुढे सांग.’ बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं आणि मला विचारलं, तुम्ही दुभाषाचं काम केलंय का? मी नाही म्हणाले. तुमच्या जावयांना सांगता सांगता मला कळतंय की तुम्ही आईला जे सांगत होता, त्यात पदरचं काहीच नव्हतं. ते चोर मराठीत असतेच तर नेमके तसे बोलले असते.

तुम्हाला पाठवायला आता पत्ता नाही, म्हणून हे कागद टेबलाच्या खणात राहतील. लेकीला मराठी वाचायचा कंटाळा आहे आणि नातीला अक्षरं येत नाहीत. बुधवारी मी नातीला त्या हॉलमधलं सांगितलं, तेव्हा तिने विचारलं होतं की पणजोबा बरोबर होते तर मग तू त्यांना खोटं का पाडलंस. मी म्हटलं, ‘मी चुकीचं ऐकलं गं. जुना हॉल होता, आवाज फाटायचा.’ तिला ते पटलं.

मी चुकीचं ऐकलं नव्हतं, अण्णा. तो काय पुटपुटला, त्यातलं एक अक्षर मला कळलं नव्हतं.