रजबची सावली

१ रजब १४४७

त्या कृपावंताच्या नावाने, ज्याने खडकाच्या पोटात पाणी ठेवले आणि उन्हाला मर्यादा घातली. त्याच्या दयेवाचून लेखणी हलत नाही.

आता विषय. खालच्या खजुरीच्या बागांत एकही घर बांधायचे नाही, म्हणून नवी साठ घरे वर पठारावर. त्यांमधील गल्ल्यांची रुंदी ठरवण्याचे काम जमातीने माझ्यावर सोपवले आहे. पूर्वजांच्या वहीत नियम स्पष्ट आहे — ‘रजबच्या पहिल्या दिवशी, दुपारच्या नमाजाच्या वेळी, घराच्या भिंतीची सावली समोरच्या उंबऱ्याला शिवू नये.’ शेजाऱ्याचे ऊन हिरावणे म्हणजे त्याचा हक्क हिरावणे!

आज दुपारी मोजले. पंधरा हात उंच भिंतीची सावली बावीस हात. तेव्हा गल्ली बावीस हात.

गवंडी हम्मू म्हणाला, “शेख, ही गल्ली की मैदान? उन्हाळ्यात जमिनीवर भाकरी भाजून निघेल!” मी समजावले — पूर्वज अरुंद गल्ल्यांत राहिले ते शत्रूच्या भयाने, न्याय मात्र त्यांनी वहीत लिहून ठेवला. तो हसला. मला ते हसणे आवडले नाही.

५ रजब

हम्मूने माझ्या चुन्याच्या रेघा सोडून तीन हातांवर पाये खणले! विचारले, तर म्हणतो, “माझ्या बापाने एवढीच जागा सोडली. लादलेले गाढव जाते, ऊन खाली उतरत नाही. आणखी काय हवे?”

बापाचा दाखला देतो — वहीसमोर!

६ रजब, शुक्रवार

जमातीची आज्ञा मोडल्याबद्दल हम्मूला वाळीत टाकले. मशिदीत उभे राहून चूक कबूल करीपर्यंत कोणी त्याला सलाम करायचा नाही, त्याच्या ताटाला बसायचे नाही. निर्णय माझ्याच तोंडून वाचला गेला. एकोणीस तारखेला त्याच्या लेकीचे लग्न.

“चूक केलीच नाही, तर कबूल काय करू?” एवढेच बोलून तो चपला घालून निघून गेला.

८ रजब

हम्मूच्या दारावरून गेलो. तो उंबऱ्यात बसला होता. सलाम केला नाही. दिवसभर जेवण गोड लागले नाही.

१० रजब

आज घडले ते लिहून ठेवतो.

मेन्नाला — माझ्या पत्नीला — वहीतले ते पान वाचून दाखवत होतो. खरे तर माझ्या निर्णयाची वाहवा हवी होती. नियमाखाली त्याच दिवसाची आणखी एक ओळ आहे, ‘आज बागेतील जर्दाळूंची वाटणी झाली.’ ती लोकर पिंजता पिंजता थांबली.

“थंडीत जर्दाळू कुठून आले हो?”

मी ती ओळ पुन्हा वाचली.

“झाडावर पान नाही आत्ता. आणि वही म्हणते, वाटणी झाली!”

रजब फिरतो! चंद्राचा महिना तो. तेहतीस वर्षांत सगळे ऋतू हिंडून येतो. हे मी मुलांना शिकवले आहे. ज्या वर्षी तो नियम लिहिला गेला त्या वर्षी रजब भर उन्हाळ्यात होता. सूर्य माथ्यावर, सावली तीन हातांच्या आत. म्हणजे गल्ली तीन हात — हम्मूने खणली तेवढीच, बोटभरही कमी-जास्त नाही. माझ्या गल्ल्यांत साठ घरांची मुलेबाळे उन्हात करपली असती.

आणि हम्मूला मी वाळीत टाकले.

११ रजब

एक वाट आहे. ‘पुनर्विचारान्ती गल्ली अरुंद करावी’ असे सांगावे. हम्मूला मोठ्या मनाने माफ करावे. कोणाला कळणार? मेन्ना बोलणार नाही.

ज्याला कळायचे त्याला कळलेच आहे. छे!

१३ रजब, शुक्रवार

नमाजानंतर त्याच जागी उभा राहिलो, जिथे हम्मूने उभे राहावे असे मी म्हटले होते. म्हणालो, “मी चुकलो. महिना पाहिला, ऋतू पाहिला नाही. निरपराध माणसाला तुमच्यापासून तोडले. मी अल्लाहकडे परत येतो. तुमची क्षमा मागतो.”

 मग मागच्या रांगेतून एक म्हातारा आवाज, “शेख, बसा आता! गुडघे धरतील!” सगळे हसले. मीही हसलो — आणि छातीवरचा धोंडा उतरला! शहात्तर वर्षांत इतके हलके वाटले नव्हते.

हम्मू दाराबाहेर उभा होता. मी सलाम केला. भरपाई काय करू, विचारले.

“नुसता नियम दुरुस्त करू नका,” तो म्हणाला. “चूकही लिहा वहीत. नाहीतर तुमच्यासारखा आणखी एखादा विद्वान निपजेल.” मग हळूच, “लग्नाला वेळेवर या. मेंढा मोठा आहे.”

१९ रजब

हम्मूसोबत एका परातीतून वाफवलेल्या रव्याचे कुसकुस खाल्ले. मांसाचा चांगला तुकडा तो माझ्याकडे सरकवत होता, मी त्याच्याकडे. शेवटी नवऱ्या मुलाने उचलला! गाढ झोपलो.

२१ रजब

चूक वहीत लिहायला बसलो. तीनदा लिहिली, तिन्ही वेळा माझी विद्वत्ता माझी बाजू घेऊन आत शिरली. म्हणून आज मी ही पाने, जशीच्या तशी, त्या वहीला शिवून टाकली. आजवर ही पाने फक्त मी वाचत होतो. आता तुम्ही वाचत आहात. वाचणाऱ्या सर्वांच्या विहिरी भरलेल्या राहोत, घरे गार राहोत. आणि कोणी चुकलाच, तर परतण्याइतके आयुष्य अल्लाह त्याला देवो. आमीन.