पावाची आरोळी आणि परवचा

इंदिरा नगर, लखनौ
८ ऑगस्ट २०२४

चि. स्वरदा हीस आत्याचे अ. उ. आ.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर बोलायला घेतलं की तुझे काका समोरच्याच खुर्चीत असतात, आणि त्यांना सगळं कळतं. माणसाच्या तोंडावर त्याच्याच दुखण्याचं काय बोलायचं? म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे.

पक्षाघाताला सहा महिने होत आले. काठी घेऊन फाटकापर्यंत जातात, पण शब्द काही फुटत नाही. ओठ हलतात, घाम येतो, मग मीच घाईघाईने चहा का, पाणी का, पेपर का, असं विचारत सुटते. वाचा शिकवायला येणारी वेदिका गुणी पोर आहे, पण चित्र दाखवून अंकल, बोलिए, सेब, असं म्हणते. जन्मभर रेल्वेचे पूल बांधलेला माणूस अपमानाने लाल होतो. परवा तिला हातानेच जायला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवून बसले. आमचा रणजित एअर फोर्सच्या ड्यूटीवरून फोन करून धीर धर म्हणतो. धीर मी धरीन गं, पण यांनी बोलायची इच्छाच सोडली तर काय करू?

तू तिकडे जर्मनीत नीट जेवत जा. आत्याची आठवण असू दे.

तुझी
पद्माआत्या

जर्मनी
१७ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले आणि मग थेट वाइलर आजोबांकडे गेले. ते आमच्या नाट्यगृहातले सगळ्यात जुने नट. मी कपडेपटात त्यांच्या कोटांची मापं घेते, म्हणून ओळख.

बेकरीवाल्याचा हा मुलगा आधी ऑपेराच्या मागच्या घोळक्यात गायचा. एकदा मुख्य गायक तापाने आडवा झाला, तेव्हा त्याचेच कपडे टाचण्या लावून यांना घातले आणि पुढे ढकललं. तिथून वीसेक वर्षं ते टेनर होते, म्हणजे उंच पट्टीत गाणारा नायक. गावोगावची बोलावणी, फुलं, सह्या, सगळं झालं. आणि ऐन पन्नाशीत पक्षाघात, अगदी काकांसारखा. शब्द गेले, पण सूर शिल्लक होता. बायको रोज शेजारी बसून एकेक शब्द गाऊन घ्यायची आणि त्यांच्या डाव्या हाताने मांडीवर ठेका धरवायची. त्या ठेक्यावर बोलणं परत आलं. ऑपेराचा दम मात्र राहिला नाही. तेव्हा एका दिग्दर्शकाने नाटकात द्वारपालाचं तीन वाक्यांचं काम दिलं, आणि आज लोक त्यांना नट म्हणूनच ओळखतात. रंगमंचावर डावा हात कायम खिशात असतो. प्रेक्षकांना ती ऐट वाटते. आत ठेका चाललेला असतो हे मला माहीत, कारण त्या खिशाचं फाटलेलं अस्तर मीच बदलते.

त्यांचा निरोप असा, की काकांचं वाक्य तू पुरं करू नकोस, थांब. आणि गाऊन घे. काकांना माझा नमस्कार, आणि तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी
स्वरदा

लखनौ
२ सप्टेंबर २०२४

चि. स्वरदा हीस अ. उ. आ.

गाऊन घे म्हणे! अगं, मराठी मंडळाच्या गणपतीत चाळीस वर्षं नुसत्या टाळ्या वाजवणारा माणूस हा. मी एक भजन धरलं आणि त्यांचा हात मांडीवर आपटू लागले, तर शेजारचे हरिहर भैया खिडकीतूनच विचारतात, भाभी, रियाज़ चल रहा है क्या. झालं! यांनी हात हिसकावून घेतला आणि दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही. चूक माझीच. ज्याला सूर नाही त्याला गायला बसवलं. आता तुझ्या आजोबांना विचार, बेसुऱ्याने काय करायचं.

आत्यावर रागावू नकोस.

पद्माआत्या

जर्मनी
११ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आजोबा पोट धरधरून हसले. म्हणाले, वीस वर्षं ऑपेरा गाऊनसुद्धा मला त्यातली एक ओळ आधी आली नाही. पहिली आली ती वडिलांची बाजारातली पाव विकण्याची आरोळी. ती ऐकून बायको भर इस्पितळात नाचली होती. काका लहानपणी चारचौघांबरोबर रोज हेल काढून काय म्हणायचे, ते शोध. गाणंच हवं असं नाही.

घाईत आहे. नाराज न होता लगेच लिही.

स्वरदा

लखनौ
२० ऑक्टोबर २०२४

चि. स्वरदा हीस आत्याचे भरभरून आशीर्वाद.

शोधलं गं! एकदा देवापाशी दिवा लावताना डोक्यात आलं, परवचा. हे वाईला भावंडांच्या घोळक्यात रोज दिवेलागणीला पाढे म्हणत वाढले. रणजितलाही बसवायचे, आणि तो शाळेतलं दो दूनी चार सुरू करायचा म्हणून घर डोक्यावर घ्यायचे.

मी शेजारी बसले, डावा हात हातात घेतला आणि बे एके बे पासून धरलं. ओठ हलत होते. तेराच्या पाढ्यात माझीच गाडी अडली. तेरा साती म्हणून मी गप्प, आणि यांनी ठणकावून एक्क्याण्णव म्हटलं! मी तशीच थांबले. ते एकटे तेरा दाहेपर्यंत गेले. मग आम्ही दोघंही रडलो, लाजायचं काय त्यात.

वेदिकाला परत बोलावलं. तिने पाढ्यांचा हेल उचलला आणि त्याच हेलात शब्द बसवायला घेतले. आता पाणी, पेपर, पंखा येतात. बाकीचं हळूहळू येईल. वाइलर आजोबांचे उपकार कसे फेडू? निशातगंजच्या शिंप्याकडून कुर्ता शिवून पाठवते आहे, डाव्या खिशाला दुहेरी अस्तर लावून. त्यांच्या पत्नी असतील तर त्यांना माझा वाकून नमस्कार सांग. नसतील तर फोटोला सांग.

आणि काल दुपारची गोष्ट. यांना भरवून मी ताट उचललं, तर हाताने अडवलं. मांडीवर बोटं आपटू लागले. मला वाटलं पाणी हवं, पण विचारलं नाही, थांबले. खूप वेळ लागला, घाम आला, आणि मग पाढ्याच्या हेलात एकेक अक्षर आलं. तू जेवलीस का, असं विचारलं त्यांनी. फेब्रुवारीपासून या घरात मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी जेवले नव्हते. वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसून सावकाश जेवले.

आम्हा दोघांचा जीव तुझ्यात आहे, तुझाही आमच्यात असू दे.

तुझी
पद्माआत्या