कुशीचा दगड

खंभात,
रविवार, प्रार्थनेनंतर

प्रिय रूथ,

तुला आणि बाबांना प्रभूच्या नावात सलाम. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

डायलिसिसला नंदुरबारला जाताना गाडीत जागा मिळते का? बाबा सोबत येतात ना, की शेतातच अडकतात? उन्हातून आलीस तरी पाणी बेतानेच पी.

सध्या आमच्या कारखान्यात जेडचं काम आहे. हिरवा दगड, घासायला भारी चिवट. शेठ सांगत होते, जेड हे नाव स्पॅनिश भाषेतून आलं, त्याचा अर्थ कुशीचा दगड. पूर्वी किडनीच्या दुखण्यावर लोक तो कुशीला लावायचे. ऐकलं आणि माझा हात मशीनवरच थांबला.

आपला नवरा-बायकोचा रक्तगट जुळला असता तर माझीच एक किडनी दिली असती, दगडाकडे वळूनही पाहिलं नसतं.

एक टवका गेलेला मणी मागून घेतला, तो पाठवतोय. बाप्तिस्म्याच्या दिवशी बाबांनी माझ्या कमरेचा काळा दोरा स्वतः कापला होता. आता हा मणी गंड्यासारखा बांधलेला पाहून ते रागावतील. त्यांना सांग, माझा विश्वास ढळलेला नाही, फक्त हात रिकामे आहेत.

मणी परकराच्या नाडीत ओव. त्याने बरं वाटणार नाही, हे मलाही कळतं. पण आठवडाभर तो मी माझ्या कुशीला बांधून ठेवला होता, जिथलं तुला देता आलं नाही तिथेच.

तुझाच,
इमॅन्युएल