गुडघ्याएवढ्या उंचीची खिडकी

१४ डिसेंबर, रविवार. नवेगाव बांध.

झोपडीच्या कुडाच्या भिंती मी नव्याने विणल्या. शेणमाती मी लिंपली. गवताचं छप्पर यंदाही मीच शाकारलं, कोणाकडे शिकायला न जाता. फक्त खिडकी माझी नाही. चित्रकार बाबूजी झोपडी माझ्या हवाली करून गेले, तेव्हा होती तिथेच आहे, गुडघ्याएवढ्या उंचीवर. ते जमिनीवर बसून तलाव रंगवायचे. त्यांच्या चित्रांत काठावरचं गवत पाण्याच्याही वर उठते, ते ह्या खिडकीमुळेच.

आज रिसॉर्टवाले शेठ आले. "भाऊ, खिडकी ऊपर लो. टूरिस्ट को तलाव दिखना चाहिए."

"बसा ना शेठ, दिसते."

"इस पँट में?"

बसले नाहीत. न बसणाऱ्यासाठी खिडकी उचलू? मग ही बाबूजींची झोपडी कशी राहील?

बायको चिडली. "काऊन नाही म्हटलं जी? आपलं घर पावसाळाभर गळते, अन् तुम्ही मेलेल्या माणसाची खिडकी जपून राहिले!"

गळते, खरं आहे. तेही शाकारीन. मी अडेलतट्टू? असेन. पण खिडकी गुडघ्याशीच राहील.

ती छातीपर्यंत उचलायचे शेठ दोन लाख रुपये देत होते. नाही म्हटलं.